इंजिनाचे कोष्टक कोणाच्या मालकीचे?

यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न समाजवादी चळवळीने आजवर विचारला तो प्रामुख्याने कारखान्याच्या दारात उभे राहून. माग मालकाचा आणि त्यावर राबणारे हात कामगाराचे, हे चित्र इतके ठसठशीत होते की, ज्या यंत्राची किंमत ग्राहकाने रोख मोजली आहे, ज्याच्या नोंदणीपत्रावर त्याचे स्वतःचे नाव आहे, त्या यंत्राबाबतही मालकीचा वाद उद्भवेल अशी शंका फारशी कोणाला आली नाही. तो वाद आता उद्भवला आहे. मालवाहू टेम्पो, भाड्याची मोटार, घरोघर माल पोचविणाऱ्या तरुणाची मोटारसायकल यांचे लोखंड मालकाचे असते; परंतु कोणत्या क्षणी किती इंधन सोडावयाचे आणि ते केव्हा पेटवावयाचे हे ठरविणारे आकड्यांचे कोष्टक कंपनीच्या कुलुपात असते.

हे कुलूप तोडण्याच्या फंदात न पडता आपला स्वतंत्र इंजिन-नियंत्रकच घरी बांधणाऱ्या हौशी लोकांची एक परंपरा अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथे सुमारे पंचवीस वर्षे चालत आलेली आहे. श्रीमंत देशांतील मोटारवेड्यांचा रविवारचा छंद म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह डाव्या कार्यकर्त्याला होईल. छंद तो आहेच. पण या छंदाने एक गोष्ट प्रयोगाने सिद्ध करून दाखविली आहे, आणि ती अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: त्या बंद डबीच्या आत जे आहे, त्यातला गाभ्याचा भाग कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेल्या कोणालाही समजण्यासारखा आहे. मग त्याला कुलूप लावण्याचे कारण तांत्रिक उरत नाही. ते दुसरीकडे शोधावे लागते.

आधी डबीच्या आत काय चालते ते पाहू. जुन्या कार्बोरेटरमध्ये इंजिन श्वास घेई तेव्हा हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप जेटमधून वर खेचले जाई. प्रमाण चुकले तर मिस्त्री स्क्रू पाव आटा फिरवी, इंजिनाचा आवाज ऐके, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाही. तपकिरी असला तर मिश्रण बरोबर, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका पडला असेल तर कमी. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत ही ओढ नाहीशी होते. इंजेक्टर नावाची विजेवर चालणारी बारीक झडप ठरावीक काळ उघडते आणि मिटते. किती काळ, ते नियंत्रक ठरवितो. त्यासाठी त्याला चार-पाच गोष्टी कळाव्या लागतात. इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब किती, त्या हवेचे तापमान किती, इंजिन गरम झाले आहे की थंड आहे, थ्रॉटल किती उघडला आहे आणि क्रँकशाफ्ट या क्षणी फिरण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे. शेवटची गोष्ट कळावी म्हणून क्रँकच्या पुलीवर दात्यांची चकती बसवितात; छत्तीस दात्यांच्या जागा, पण त्यांतला एक मुद्दाम गाळलेला. समोरचा सेन्सर दाते मोजत राहतो आणि रिकामी जागा आली की नियंत्रकाला फेऱ्याचा आरंभ सापडतो.

पुढचे गणित असे. ५०० घनसेंटिमीटरच्या एका सिलिंडरात साधारण तापमानाला नि दाबाला ०.६ ग्रॅम हवा मावते. प्रत्यक्षात सिलिंडर कधीच पुरता भरत नाही; समजा, शेकडा ८० भरला, तर हवा ०.४८ ग्रॅम. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणजे पेट्रोल हवे सुमारे ३३ मिलिग्रॅम. इंजेक्टर दर मिलिसेकंदाला ३ मिलिग्रॅम सोडत असेल तर तो ११ मिलिसेकंद उघडा राहिला पाहिजे, आणि झडप उघडण्यास लागणारा एखादा मिलिसेकंद वर. इतकेच. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर चार फटक्यांचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत संपते आणि क्रँकचा एक अंश सेकंदाच्या ३६ हजाराव्या भागात उलटतो. म्हणून हे गणित माणसाच्या हातून होणारे नव्हे, पण अगदी स्वस्त चिपच्या आवाक्यातले आहे.

या हिशेबात एकच आकडा असा आहे की जो कोणत्याही सूत्राने मिळत नाही: सिलिंडर शेकडा किती भरतो तो. तो इंजिनागणिक, वेगागणिक, भारागणिक बदलतो. म्हणून त्याचे कोष्टक करावे लागते. एका बाजूस फेरे, दुसऱ्या बाजूस हवेचा दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा. सोळा ओळी आणि सोळा स्तंभ धरले तर २५६ घरे. ठिणगीच्या वेळेसाठी असेच दुसरे कोष्टक. इंजिनाचा स्वभाव, त्याची ताकद, त्याचा धूर आणि त्याची भूक ही सारी या घरांतून साठविलेली असतात.

इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक इंधनपद्धती बाजारात आणली, ती टिकली नाही. तिचे एकस्व अधिकार जर्मनीच्या बॉशकडे गेले आणि १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशची पद्धती आली. ती मोटारींत सर्रास पसरली मात्र वेगळ्या कारणाने. कॅलिफोर्नियाचे धुराविरुद्धचे कायदे आणि १९७० चा अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा यांनी कार्बोरेटरला गुडघे टेकावयास लावले. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर बसला तो कॅलिफोर्नियासाठीच. खुल्या स्पर्धेच्या गुणगानात रमणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, हे तंत्र रस्त्यावर आणले ते कायद्याच्या बडग्याने.

२००१ साली अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा नियंत्रक सिद्ध केला. त्याआधी ईएफआय-३३२ नावाची एक सामूहिक खटपट झाली होती; तिच्यात मोटोरोलाची ३२ बिटांची तगडी चिप होती. या दोघांनी उलटी वाट धरली आणि मोटोरोलाचीच साधी ८ बिटांची चिप घेतली. सुटे भाग, छापील पट्टी आणि सूचना मिळत. जोडणी ज्याची त्याने करावयाची. पुढे ऑस्ट्रेलियातून ‘स्पीडुइनो’ हा प्रकल्प निघाला. इटलीत २००५ च्या सुमारास शिक्षणासाठी म्हणून तयार झालेल्या आर्डुइनो या स्वस्त पट्टीवर तो चालतो, आणि त्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते.

घरी नियंत्रक बांधणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. सोल्डरिंग ही त्यातली सर्वांत सोपी पायरी. दोन संध्याकाळी पुरतात. शहाणा माणूस नंतर ती पट्टी लगेच इंजिनाला जोडत नाही. टेबलावर एक लहानशी नकली पट्टी असते. तिच्यावरील बटणे फिरविली की नियंत्रकाला वाटते की इंजिन फिरते आहे, तापते आहे, थ्रॉटल उघडतो आहे. येथे चूक सापडली तर काही बिघडत नाही. गाडीत सापडली तर इंजेक्टर उघडे राहून सिलिंडर पेट्रोलने भरतो, किंवा इग्निशन कॉइलमधून गरजेपेक्षा अधिक वेळ वीज वाहून ती जळते. मग येते वायरिंग. ठिणगीच्या हजारो व्होल्टांचा गोंगाट क्रँक-सेन्सरच्या नाजूक तारेत शिरतो, नियंत्रक नसलेले दाते मोजतो आणि चालती गाडी आचके देऊ लागते. त्यावर उपाय जुनाच आहे: सेन्सरच्या तारेला जाळीचे कवच, आणि सर्व अर्थिंग इंजिनावर एकाच जागी पक्के आवळलेले. या कामात आज्ञावलीच्या चुकांपेक्षा सैल अर्थिंगने अधिक लोकांना रडविले आहे.

आणि मग खरे काम: ती २५६ घरे भरणे. धुराच्या नळीत प्राणवायूचा सेन्सर बसवून एकजण गाडी चालवितो, दुसरा शेजारी संगणक मांडीवर घेऊन बसतो. या वेगाला मिश्रण पातळ, त्या भाराला दाट. एकेक घर दुरुस्त करीत जावयाचे. पातळ मिश्रणावर पूर्ण भार टाकला तर पिस्टन जळतो, म्हणून आरंभ नेहमी दाट बाजूने. थंड सकाळी इंजिन सुरू होण्याचे कोष्टक एका दिवसात एकदाच तपासता येते, कारण एकदा इंजिन तापले की ती परीक्षा दुसऱ्या सकाळीच. आठवडे जातात. हे श्रम पाहिले म्हणजे कोष्टकाचे मूल्य कोठून येते ते उघड होते. चिपची किंमत किरकोळ. कोष्टकात साठलेले असते ते मोजणाऱ्या, चालविणाऱ्या, ऐकणाऱ्या माणसांचे काम.

मोटारकंपन्या हेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर करतात हे कबूल केले पाहिजे. कंपनीचे अभियंते बर्फाळ प्रदेशात, वाळवंटात, उंच घाटांत गाड्या नेऊन महिनोन्‌महिने मोजमापे घेतात. घरी भरलेले कोष्टक धुराच्या बाबतीत त्या दर्जाला सहसा पोचत नाही, आणि अनेक हौशी लोकांना त्याची पर्वाही नसते. त्यांना शर्यत जिंकावयाची असते. या परंपरेचे कौतुक करताना तिच्याभोवती क्रांतीचे वलय उभे करण्याचे कारण नाही. तिच्या अंगणातही खासगी मालकी मागील दाराने शिरलीच. मेगास्क्वर्टची आज्ञावली वाचावयास खुली, पण वापरण्याची परवानगी त्याच मंडळींच्या पट्टीपुरती. स्पीडुइनो पूर्ण मुक्त, पण संगणकावर कोष्टक भरण्यासाठी त्याचे बहुतेक वापरकर्ते जे साधन घेतात ते बंद. त्याची फुकट प्रत अपुरी आणि कोष्टक आपोआप सुधारण्याची सोय पैसे भरून. स्वयंसेवी श्रमाच्या बेटावर बाजाराची होडी लागण्यास वेळ लागत नाही.

खरा संघर्ष दिसला तो २०१५ साली, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे. वाहनाच्या मालकाला त्याच्या वाहनातील आज्ञावली दुरुस्तीसाठी उघडू द्यावी की नाही, असा प्रश्न होता. ट्रॅक्टर बनविणाऱ्या जॉन डीअर कंपनीने मांडलेला युक्तिवाद प्रत्येक शेतकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे: ग्राहकाने ट्रॅक्टर विकत घेतला म्हणजे आतील आज्ञावली विकत घेतली असे नव्हे, वाहन चालेल तोवर ती वापरण्याचा गर्भित परवाना त्याला मिळालेला असतो, एवढेच. सरंजामी कुळकायद्याची आठवण व्हावी असे हे तर्कशास्त्र आहे. जमीन कसा, पण तिच्याखाली काय आहे ते विचारू नका.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही मालकाला हा अधिकार देण्यास विरोध करणारे पत्र लिहिले. लोक कोष्टके बदलतील, गाड्या अधिक धूर सोडतील, असे तिचे म्हणणे. ते अगदीच निराधार नव्हते. दोन महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, त्याच संस्थेला फोक्सवॅगनवर नोटीस बजावावी लागली. डिझेल गाडीची प्रयोगशाळेत परीक्षा चालू आहे की ती रस्त्यावर धावते आहे, हे त्या गाडीचा नियंत्रक सुकाणूची स्थिती, वेग, हवेचा दाब इत्यादींवरून ओळखी आणि परीक्षा संपली की धूर स्वच्छ करणारी यंत्रणा शिथिल करी. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत जात. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. ज्या बंद कुलुपामुळे हवा स्वच्छ राहील असा भरवसा सरकारी संस्था देत होती, त्याच कुलुपाआड हा गुन्हा वर्षानुवर्षे सुखरूप राहिला. तो उघडकीस आला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लहानशा गटाने मोजमापाचे यंत्र गाडीत ठेवून रस्त्यावर धूर मोजला म्हणून; आणि आज्ञावलीत नेमके काय लिहिले आहे ते जगापुढे मांडणाऱ्यांत नियंत्रकातील मजकूर स्वतः उलगडणारे स्वतंत्र संशोधक होते. त्याच ऑक्टोबरमध्ये कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून वाहनमालकांना मर्यादित सूट मिळाली.

या प्रकरणाचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने कंपनीच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा उत्सर्जन लागू मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. आपल्याकडील नाक्यानाक्यावरील पीयूसी तपासणीत हे कधीच सापडले नसते. डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेथे मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजीत नाहीत.

आता आपल्याकडील मिस्त्रीकडे वळू. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहा हे मानक लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटर गेला. हवेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. जुन्या धुराबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु त्या एका तारखेने रस्त्याकडेच्या असंख्य गॅरेजांतील कारागिरांचे एक कसब मोडीत निघाले. कान, स्क्रू आणि प्लगचा रंग यांवर उभे राहिलेले ज्ञान नव्या गाडीपुढे निरुपयोगी ठरले, आणि नवे ज्ञान मिळविण्याची वाट मात्र बांधली गेली नाही. दोषाचा संकेत वाचणारे यंत्र मिळाले तर तो क्रमांक वाचतो. त्यापलीकडील दार बंद. विशेष म्हणजे परदेशी मोटारींच्या नियंत्रकांच्या आज्ञावलीचे काम बंगळूरला आणि पुण्याच्या हिंजवडीत भारतीय अभियंत्यांच्या हातून होते. त्याच पुण्यात दहा-बारा मैलांवर गाडीखाली झोपून काम करणाऱ्या मिस्त्रीला त्यातले अक्षरही पाहावयास मिळत नाही.

हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकी कामगार-लेखकाने १९७४ साली ‘लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल’ या ग्रंथात भांडवलशाहीची ही रीत उलगडून दाखविली होती: कामाची कल्पना एकीकडे न्यावयाची, हात दुसरीकडे ठेवावयाचे. दहा वर्षांनी डेव्हिड नोबल यांनी यांत्रिक लेथच्या इतिहासातून त्याचा पुरावा दिला. कुशल कामगाराने पहिला नग करावा, त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर नोंदवाव्यात आणि यंत्राने पुढचे नग काढावेत, अशी पद्धत अमेरिकेत महायुद्धानंतर तयार होती. व्यवस्थापनाने आणि लष्कराने ती मागे टाकून जी पद्धत उचलली तिच्यात सूत्रे कार्यालयात लिहिली जात. इंजिनाच्या बाबतीतही कोष्टक भरण्यात कारागिराला भागीदार करण्याची वाट तंत्राने बंद केलेली नाही. घरी नियंत्रक बांधणाऱ्यांनी ती चालून दाखविली आहे.

गांधीजी यंत्रविरोधी होते असे मानणाऱ्यांना १९२४ मधील त्यांचा एक संवाद आठवत नाही. त्यात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला, आणि ते यंत्र बनविण्यास मोठा कारखाना लागेलच, असा आक्षेप येताच असे कारखाने राष्ट्राच्या ताब्यात असावेत असे सांगण्याइतपत आपण समाजवादी आहोत, असे उत्तर दिले. शिवणयंत्राचे वैशिष्ट्य हे की ते शिंप्याला उघडता येते, तेलपाणी करता येते, समजते. आजच्या मोटारसायकलीला ही कसोटी लावून पाहावी.

यावर आक्षेप येईल की कोष्टके खुली केली तर प्रत्येक टवाळ तरुण सायलेन्सर बदलून, मिश्रण दाट करून, गल्लीतून भडका उडवीत जाईल. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण त्या गल्लीत दम्याने बेजार म्हातारी माणसे राहतात आणि समाजवाद्याला त्यांची बाजू सोडता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलात बदल करण्यास मनाई करते. ते रद्द करा असे कोणी म्हणू नये. परंतु वाचण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने मंजूर करून घेतलेले कोष्टक सरकारी दप्तरात जमा असावे, दुरुस्ती करणाऱ्याला ते पाहता यावे, गाडीतील कोष्टक त्याच्याशी जुळते की नाही हे तपासता यावे. तसे झाले तर टवाळ तरुणही सापडेल आणि फोक्सवॅगनही सापडेल. आज पहिल्याला पोलीस पकडतो. दुसऱ्याला पकडण्यास परदेशी विद्यापीठ लागले.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला, कारण त्यांनी सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस एक माहितीस्थळ उघडले. तेथे कंपन्यांनी जे द्यावयाचे ते बव्हंशी त्यांच्या मर्जीवर.

मर्जीवर न सोडता येणारी एक जागा महाराष्ट्रात आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांतून बसची अंगे बांधण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले, आणि आगाराआगारांत यांत्रिक कर्मचारी आहेत. नव्या गाड्यांच्या खरेदीच्या निविदेत एक अट घालता येते: नियंत्रकाची दुरुस्तीपुरती संपूर्ण कागदपत्रे, दोष शोधण्याचे साधन आणि मंजूर कोष्टकाची प्रत आगाराच्या ताब्यात द्यावी, आणि यांत्रिकांचे प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने व्हावे. शेकड्यांनी गाड्या घेणारा ग्राहक ही अट घालू शकतो. एकटा मोटारसायकलवाला घालू शकत नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात एक सिलिंडरचे इंजिन आणि खुल्या आज्ञावलीचा एक नियंत्रक ठेवण्यास फार खर्च येणार नाही. मुलांनी ती २५६ घरे एकदा स्वतः भरावीत. एसटी कामगारांच्या संघटना वेतनकराराच्या मसुद्यावर रात्री जागवितात. निविदेचा मसुदा मात्र त्यांच्यापर्यंत येतो तो गाड्या आगारात उभ्या राहिल्यावर. पुढील खरेदीच्या वेळी तो आधी मागवून घ्यावा.